वॉटरप्रूफ जॅकेट घेतलंत, साखरेची पुडी घेतलीत का?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार, साडेतीन वाजले असतील. माझ्या एका जुन्या पेशंटच्या नंबरवरून फोन आला. वय ५८, बारा वर्षांपासून मधुमेह. बोलत मात्र त्यांचे मित्र होते. (पेशंटच्या परवानगीनं लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"डॉक्टरसाहेब, आम्ही म्हैसमाळला आलोय. सर थंडीनं थरथर कापतायत. काहीतरी भलतंच बोलतायत. आम्ही त्यांना वरून आणखी एक जॅकेट घातलंय. काय करू?"

"घाम आलाय का त्यांना?"

"कसं कळणार साहेब, पावसात सगळंच ओलं आहे."

"जॅकेटची चेन उघडा आणि आत हात घालून बघा."

दोन-चार सेकंद गेले. "बापरे! शर्ट पिळून काढावा इतका ओला आहे."

"जेवलेत का?"

"सकाळी थोडे पोहे खाल्ले होते. आता भजी खाणारच होतो."

"शुगरची गोळी?"

"ती सकाळी घेतली म्हणत होते."

मला हवं ते उत्तर मिळालं होतं. सर शुद्धीवर आहेत, घोट गिळता येतोय, याची खात्री करून घेतली आणि समोरच्या टपरीवरून चार चमचे साखर घातलेला चहा द्यायला सांगितला. पंधरा मिनिटांनी सरांनी स्वतः फोन घेतला. त्यांना थंडी वाजत नव्हतीच. त्यांची शुगर घसरली होती. वेळेवर जेवण नाही, चढ-उताराची चाल आणि पोटात ग्लिमेपिराइडची गोळी, असं तिहेरी गणित जमलं होतं. या गटातल्या गोळ्यांमुळे घसरलेली शुगर एकदा वर येऊन पुन्हा घसरू शकते. म्हणून त्यांना पोटभर खायला घालून खाली आणलं आणि रात्रभर दवाखान्यात देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते घरी गेले.

सरांच्या अंगावर सात हजारांचं वॉटरप्रूफ जॅकेट होतं. मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये होता. बॅगेला पावसाचं कव्हर होतं. ग्लुकोमीटर, गोळ्या आणि बिस्किटाचा पुडा गाडीत होते, आणि गाडी दीड किलोमीटरवर पार्किंगमध्ये होती.

आज मला थोडं भांडायचं आहे. जॅकेट विकणाऱ्यांशी, ते घेऊन निर्धास्त होणाऱ्यांशी, आणि शेवटी आम्हा डॉक्टरांशीही.

"अर्ध्या दिवसाचंच तर आहे!"

जून ते सप्टेंबर आपल्या छत्रपती संभाजीनगरातला निम्मा मध्यमवर्ग रविवारी घराबाहेर असतो. म्हैसमाळ, वेरूळ, खुलताबाद, देवगिरीचा किल्ला, थोडं लांब जायचं तर कन्नडजवळचं गौताळा किंवा पितळखोरा. ज्यांना तेवढंही जमत नाही ते पहाटे गोगाबाबा टेकडी चढतात. हे सगळं मला मनापासून आवडतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आम्ही ओपीडीत तेच तोंड दुखेपर्यंत सांगत असतो. जो माणूस स्वखुशीनं डोंगर चढायला निघाला आहे, त्याला अडवणारा डॉक्टर मी नाही.

माझी तक्रार "अर्ध्या दिवसाचंच तर आहे" या वाक्याबद्दल आहे. हिमालयात ट्रेकला जाणारा माणूस दोन महिने तयारी करतो, वैद्यकीय प्रमाणपत्र घेतो, औषधांची यादी करतो. म्हैसमाळला जाणारा फक्त कपडे बघतो. तोच माणूस, तोच मधुमेह, तेच हृदय. पण सहल छोटी म्हणून तयारीही छोटी. आणि ती उरलेली तयारी "वॉटरप्रूफ" या एका शब्दानं भागवली जाते. अंगावर पाणी येणार नाही याची व्यवस्था झाली की माणसाला वाटतं, सगळ्याचीच व्यवस्था झाली.

मला रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी सकाळी जे पेशंट भेटतात, त्यांच्यापैकी पावसात भिजल्यामुळे गंभीर झालेला क्वचितच असतो. घसरून मनगट मोडलेलं असतं. शुगर किंवा बीपीचा घोळ झालेला असतो. दम्याचा पंप घरी राहिलेला असतो. दिवसभर पाणी न प्यायल्यामुळे चक्कर आलेली असते. यातलं एकही जॅकेटनं थांबत नाही. काही गोष्टी तर जॅकेटमुळे वाढतात.

जॅकेटवरचा आकडा काय सांगतो?

लेबलवर "१०,००० मिमी" असं लिहिलेलं असतं. याचा पावसाच्या मिलिमीटरशी संबंध नाही. त्या कापडावर दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब दिला तरी पाणी आत झिरपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चाचणी कापडाची असते. शिवण, चेन, गळा आणि बाह्या यांतून येणारं पाणी त्या आकड्यात धरलेलं नसतं.

दुसरा शब्द असतो "ब्रीदेबल", म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं एक प्लास्टिक झटक्यात ताणून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. शोध खरोखर उत्तम आहे. पण वाफ बाहेर कधी जाते? बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा. थंड, कोरड्या डोंगरात हे छान चालतं. आपल्याकडे जुलैच्या भर पावसात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे असते आणि हवा काही बर्फासारखी थंड नसते. म्हैसमाळ आपल्या शहरापेक्षा साधारण पाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे फार तर तीन अंशांनी गार वाटतं. अशा हवेत महागडा पडदाही फारशी वाफ बाहेर टाकू शकत नाही. साध्या प्लास्टिकच्या रेनकोटचं तर विचारूच नका.

चढ चढणारा माणूस दमट हवेत तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. हा घाम वाळला तरच शरीर थंड होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता निथळला तर काहीच नेत नाही. म्हणजे बंद रेनकोटात तुम्ही पाणी आणि क्षार गमावता, आणि बदल्यात गारवाही मिळत नाही. पावसात उष्णतेचा त्रास होऊ शकतो हे ऐकून लोक हसतात. पण डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आणि चक्कर घेऊन माणसं येतात तेव्हा मी आधी विचारतो, रेनकोट कुठला होता आणि पाणी किती प्यायलात?

इथे एक नाजूक विषय आहे, पण बोललाच पाहिजे. सहलीच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसतं, असलं तर जाण्यासारखं नसतं. म्हणून अनेक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वर चार तास रेनकोटात घाम. दोन दिवसांनी लघवीला जळजळ आणि ताप घेऊन त्या येतात. ताई, तुमचा दोष नाही. दोष त्या जागेच्या व्यवस्थेचा आहे. पण त्याची शिक्षा तुमच्या मूत्रपिंडाला देऊ नका. जिथे स्वच्छतागृह आहे अशीच जागा निवडण्याचा आग्रह धरा, आणि हा आग्रह घरातल्या पुरुषांनीही धरावा.

आपल्या आजोबांची घोंगडी आठवते? ती पुढून उघडी असते, खालून वारा खेळतो, आणि लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब टिकवते. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. भिजलेली घोंगडी घेऊन देवगिरी चढून बघा म्हणजे कळेल! पण पावसात दिवसभर राबणाऱ्या माणसानं अंग हवाबंद केलं नाही, यातला शहाणपणा घ्यायला हरकत नाही. रेनकोट घ्या, जरूर घ्या. चढताना चेन उघडी ठेवा, थांबलात आणि वारा सुटला की बंद करा. त्यासाठी सात हजार लागत नाहीत.

जॅकेटनं लपवलेली लक्षणं

आता सरांच्या गोष्टीकडे परत येतो, कारण या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तिथे आहे.

शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरली की शरीर इशारे देतं: दरदरून घाम, हातापायांना कंप, धडधड, खूप भूक. मग गोंधळलेलं बोलणं, चिडचिड, अडखळती चाल. घरी, पंख्याखाली बसलेल्या माणसाला असा घाम फुटला तर घरचे लगेच ओळखतात. पावसात, रेनकोटात? घाम पावसात हरवतो. कंप "थंडी" ठरतो. धडधड "चढामुळे" होते. चिडचिड "दमलाय" म्हणून सोडून दिली जाते. सरांचे मित्र प्रेमानं एकावर एक जॅकेट चढवत होते आणि आत मेंदू साखरेविना उपाशी होता. आणखी अर्धा तास गेला असता तर शुद्ध गेली असती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चहा ओतता येत नाही.

ज्यांना बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे), त्यांच्यात धडधड आणि कंप हे इशारेही मंद होतात. घाम तेवढा उरतो. आणि तोच आपण चेन लावून झाकून टाकतो.

म्हणून नियम पाठ करा. सोबतचा मधुमेही माणूस थरथरत असेल, विचित्र वागत असेल, तर थंडी वाजतेय असं गृहीत धरू नका. ग्लुकोमीटर असेल तर तपासा. नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात किंवा चहात द्या. पंधरा मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा द्या आणि खाली निघा. बरं वाटलं की पोळी, बिस्किटं, केळं असं काहीतरी पोटभर खायला द्या. खरोखर थंडीच असली, तरी तीन चमचे साखरेनं त्या क्षणी काही बिघडत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

"मग भिजायचं की नाही?"

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात आई-वर्ग विचारतो. सर्दी-खोकला विषाणूमुळे होतो, पावसाच्या पाण्यामुळे नाही. बंद गाडीत काचा लावून सात जण बसलात आणि त्यातल्या एकाला सर्दी असेल, तर ती मिळण्याची शक्यता धबधब्यापेक्षा गाडीत जास्त. मात्र आईचं म्हणणं अगदीच खोटं आहे असंही नाही. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथल्या संशोधकांनी काही जणांना वीस मिनिटं पाय थंड पाण्यात ठेवायला लावले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यापैकी जास्त जणांनी सर्दीची तक्रार केली. विषाणू आधीच शरीरात दबा धरून असेल तर गारठ्यानं त्याला वाव मिळत असावा, असा त्यांचा अंदाज होता. विषाणूची प्रत्यक्ष तपासणी त्यात नव्हती, त्यामुळे हा शेवटचा शब्द समजू नका.

भिजणं सोसतं. भिजलेलं राहणं सोसत नाही, विशेषतः लहान मुलं, वृद्ध आणि अगदी सडपातळ माणसांना. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं शरीरातली उष्णता ओढून घेतं. ओला सुती टी-शर्ट, वर वारा, आणि परतीच्या प्रवासात गाडीचा एसी किंवा दुचाकीवरचा तासभराचा वारा: इथे खरा गारठा बसतो. यावर उपाय एकच, कोरड्या कपड्यांचा एक जोड. तो घरी असून उपयोग नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तुमच्या पाठीवर हवा. भरपूर भिजा, नाचा, फोटो काढा आणि निघायच्या आधी अंतर्वस्त्रांसकट सगळं बदला.

मोजेही बदला. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या ओल्या मोज्यांत फोफावतात. निरोगी माणसाला खाज सुटते, मलम लावलं की भागतं. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला तीच चीर कळत नाही आणि महिन्याभरात पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. शिवाय बाहेरून वॉटरप्रूफ असलेल्या बुटात वरून पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही. तो बूट म्हणजे पाण्याची बादली होते.

ज्याच्यापुढे वॉटरप्रूफ काहीच नाही

वीज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. आपल्या मराठवाड्यात पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा जोरात असतात, म्हणजे नेमकं सहलीच्या वेळेला. रबरी बूट किंवा रबरी रेनकोट विजेपासून वाचवतो हा गैरसमज आहे. ढगांतून इतकं अंतर कापून आलेली वीज अर्ध्या इंचाच्या रबराला जुमानत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती धोक्याच्या अंतरात आहे. माथ्यावरून खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा टपाच्या गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा, फुकट आहे.

वाहतं पाणी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मुलंही होती. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. ती माणसं बेदरकार नव्हती. तुमच्या-माझ्यासारखी रविवारी बाहेर पडलेली होती. पाणी वरच्या बाजूला वाढतं आणि खाली उभ्या माणसाला काही मिनिटांत परतीची वाट उरत नाही. जोराचं पाणी वीतभर खोल असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं, आणि फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाऊ शकते. नाल्यावरून, फरशी पुलावरून पाणी चाललं असेल तर थांबा. जॅकेट वॉटरप्रूफ असल्यानं प्रवाहाचा जोर कमी होत नाही.

घसरडा दगड. आपला काळा पाषाण शेवाळ धरला की साबणासारखा होतो. देवगिरीवरच्या झिजलेल्या पायऱ्या आणि तो अंधारा मार्ग पावसात अनुभवलेल्यांना सांगायला नको. इथेही पावसाची साधनं उलटी फिरतात. घोळदार पोंचो घातला की उतरताना स्वतःची पावलं दिसत नाहीत. टोपी कानापर्यंत ओढली की बाजूचं दिसत नाही आणि मागून कोणी ओरडलं तर ऐकू येत नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल. मग तोल गेला की आधाराला हातच नाही. पन्नाशीपुढच्या बायकांची हाडं ठिसूळ होत आलेली असतात. त्या हात टेकून पडतात आणि मनगट मोडतं. पैसे खर्चच करायचे असतील तर जॅकेटऐवजी बुटाच्या तळावर करा. तळाची नक्षी झिजली असेल तर तो बूट बाजारात जायला वापरा.

कोरडं काय ठेवायचं?

तुम्ही भिजलात तर चालेल. या वस्तू भिजता कामा नयेत. सगळं एका झिपच्या प्लास्टिक पिशवीत मावतं आणि ती पिशवी अंगावर हवी, गाडीत नाही.

१. साखरेच्या चार पुड्या किंवा ग्लुकोजची पावडर, आणि एक बिस्किटाचा पुडा.

२. त्या दिवसाची सगळी औषधं, आणि उशीर झाला तर म्हणून एका दिवसाची जादा. गोळ्या पत्त्यातून काढून कागदात बांधू नका, दमट हवेत त्या फुगतात.

३. दम्याचा पंप. हृदयविकार असलेल्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी. हे पाकिटातही नको, बॅगेतही नको, खिशात हवं.

४. इन्सुलिन घेत असाल तर पेन अंगाजवळच्या पिशवीत. उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत इन्सुलिन खराब होतं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी घट्ट बंद, ओल्या बोटांनी पट्टी काढू नका.

५. ओआरएसची दोन पाकिटं आणि माणशी किमान दीड-दोन लिटर पाणी. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे त्यांनी आधी विचारावं.

६. कोरड्या कपड्यांचा जोड, मोजे, छोटा टॉवेल.

७. छोटी टॉर्च. मोबाइलची टॉर्च गृहीत धरू नका. "आयपी ६८" लिहिलेल्या फोनची चाचणी प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात होते, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. गौताळ्यासारख्या जंगलात रेंज कित्येक ठिकाणी मिळत नाही.

८. एक चिठ्ठी: नाव, आजार, चालू औषधं, घरच्यांचा नंबर. बॉलपेननं लिहा, शाईचं पेन पाण्यात पसरतं.

या पिशवीचा खर्च दोनशे रुपयेही होत नाही. म्हणूनच बहुधा तिची जाहिरात कोणी करत नाही.

शेवटी आमच्याबद्दल

कोणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही जॅकेटच्या मागे हात धुऊन लागलात. हिमालयात, बर्फात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर उत्तम जॅकेट जीव वाचवतं. अगदी मान्य. तिथे जाणार असाल तर पैसे वाचवू नका. सह्याद्रीच्या कड्यावर भन्नाट वाऱ्यात मुक्काम करणार असाल तरीही चांगलं जॅकेट हवं. माझं म्हणणं आपल्या अर्ध्या दिवसाच्या सहलीपुरतं आहे. तिथे जॅकेट ही सोय आहे, सुरक्षितता नाही.

सहली नेणाऱ्या मंडळींना एक विनंती. पैसे भरून घेताना टी-शर्टचा साइज विचारता, तसं "कुठली औषधं चालू आहेत" हेही विचारा. आणि निघायच्या आधी बसमध्ये उभं राहून सांगा, औषधं बॅगेत नाही, अंगावर घ्या. एक मिनिट लागेल.

दुकानदारांशी मी जास्त भांडत नाही. ते कापड विकतात आणि त्यांनी विकलेलं कापड खरंच पाणी अडवतं. सरांना त्या दिवशी जे कळायला हवं होतं, ते सांगणं दुकानदाराचं काम नव्हतं. ते माझं होतं. नऊ वर्षं ते माझ्याकडे येत होते. दर तीन महिन्यांनी मी त्यांचा रिपोर्ट बघत होतो, "चालणं ठेवा" म्हणत होतो. ते रविवारी कुठे चालतात, किती वाजता जेवतात, त्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पेशंट विचारत नाही कारण त्याला ते विचारण्यासारखं वाटत नाही. डॉक्टर विचारत नाही कारण बाहेर पंधरा जण बसलेले असतात.

आता मी विचारतो. जूनपासून येणाऱ्या प्रत्येक मधुमेही पेशंटला एक प्रश्न: पावसाळ्यात कुठे फिरायला जाता? मग त्या दिवसाच्या गोळीचं आणि जेवणाचं वेळापत्रक लिहून देतो. डोस मनानं कमी करू नका, मनानं बंदही करू नका. प्रवासात लघवीला जावं लागतं म्हणून बीपीची गोळी टाळणारे बरेच आहेत, त्यांनाही हेच सांगणं. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच विषय काढा. त्यांना दोन मिनिटं जास्त द्यावी लागतील. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सर या वर्षीही म्हैसमाळला जाऊन आले. तेच जॅकेट घालून. मला त्यांनी फोटो पाठवला, जॅकेटची चेन उघडी होती आणि कमरेला एक पाऊच होता. फोटोखाली लिहिलं होतं, "पोहे, पोळी-भाजी आणि चार पुड्या."

येत्या रविवारी निघण्याआधी तुमची पिशवी एकदा उघडून बघा.

(हा लेख सर्वसामान्य माहितीसाठी आहे. तुमचे आजार आणि औषधं लक्षात घेऊन तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)